नाही उडत म्हणणाऱ्या पायलटला शिव्या कशाला?

आज सकाळी वहिनीला सोडायला सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर गेलेलो. पाऊस असा की समोरचं पार्किंग दिसंना. फ्लाईट लेट. एक गृहस्थ काउंटरवरच्या पोरीवर ओरडायलेत, "पाऊस काय नवीन आहे काय बेळगावला? पायलटला येत नसेल तर घरी बसवा!" ती पोरगी रडकुंडीला आलेली. डोकंच फिरलं माझं.

मागे पणजीला जाताना चोर्ला घाटाच्या धुक्यात आमच्या ड्रायव्हरमामांनी कणकुंबीला बस बाजूला घेतली. मागून सगळी बोंबलायलेत, मामांनी चावी खिशात घातली आणि सरळ चहाला गेले. मला ते मामा आठवले. त्यांना निदान बस बाजूला घेता आली की, वर ढगात विमान कुठं बाजूला घेणार?

आणि छोट्या विमानाचं तर अजून अवघड. मोठं विमान बऱ्याचदा ढगांच्या वरून जातं, ह्यांना त्यातूनच वाट काढायची. समोरचं क्षितिज गेलं की तोल सांभाळणारा कानच फसवतो, विमान वळत वळत खाली चाललंय आणि माणसाला वाटतंय आपण सरळच आहोत, समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर विश्वास ठेवायची सवय नसली की संपलं. काँग्रेसचे माधवराव शिंदे 2001 साली छोट्या विमानानं कानपूरच्या सभेला निघालेले, मैनपुरीजवळ विमान पडून गेले. 2009 ला आंध्रचे मुख्यमंत्री वायएसआर रेड्डी, नल्लमलाच्या जंगलात, हेलिकॉप्टर, पाऊस. जून 2025 मध्ये केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर खराब हवेत पडलं, सात जण गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातलं दोन वर्षांचं लेकरू. सभा चुकली असती, दर्शन दुसऱ्या दिवशी झालं असतं, पण एकाला तरी चावी खिशात घालू दिली का कुणी? मला नाही वाटत.

हां, कंपन्या पण कमी नाहीत, विमानात बिघाड असला तरी हवामानावर ढकलतात, पाणी विचारत नाहीत. मान्य. त्याचं भांडण वेगळं करा, जोरात करा. पण हवा खरंच वाईट असताना नाही.

आता राग थोडा उतरलाय म्हणून एक सांगतो. सांबऱ्याला पायलट ट्रेनिंगला कुठनं कुठनं पोरं येतात, आईबापानं कर्ज काढलेलं, उडायच्या प्रत्येक तासाचे पैसे. वळवाचे काळे ढग चढायला लागले की त्या पोरांना पण वाटत असणार, एक फेरी मारून घेऊ, तास भरतील. तुमच्या घरातलं कुणी त्यात असेल आणि संध्याकाळी फोनवर "आज उडलो नाही" म्हणालं, तर फीचा विषय काढू नका. जेवलास काय, एवढंच विचारा.