बेल्ट झिजतो म्हणे!

अकरा वेळा. मोजून अकरा वेळा गवत कापलं आणि शनिवारी लॉन मोअरचा ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारा पट्टा, परत गेला. दोन सीझनमधला हा तिसरा. इंजिन मजेत धडधडतंय, पातं फिरतंय, दांडा दाबून हाताला कळ लागली, पण मागची चाकं ढिम्म. मग ते चाळीस किलोचं धूड उतारावरून ढकलत गराजपर्यंत न्या. ह्याला सेल्फ-प्रोपेल्ड, म्हणजे स्वतः चालणारा, म्हणायचं. सेल्फ म्हणजे आपणच!

त्याहून डोकं फिरवलं ते दुरुस्तीच्या काउंटरवरच्या पोराने. "बेल्ट इज अ वेअर आयटम, सर." वेअर आयटम! झिजणं म्हणजे काय ते आम्हाला शिकवतोय. अरे बाबा, गावाकडच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा बघ. दिवसभर जोंधळा दळून दळून वर्षं काढतो, वर पीठ बसून पांढराफटक होतो, पण तुटत नाही. आणि तुझा बेल्ट? अकरा कापण्या, प्रत्येकी चाळीस मिनिटं, म्हणजे साडेसात ताससुद्धा नाहीत. साडेसात तासांत मेला तर त्याला झिजणं म्हणत नाहीत, खून म्हणतात. खुनी कोण ते बघायचं सोडून ह्याने स्क्रीनवर पार्ट नंबर टाकला, किंमत सांगितली आणि वर विचारतो, "डू यू पुल इट बॅक अ लॉट?" तुटका बेल्ट समोर काउंटरवर पडलेला. हात लावला नाही पठ्ठ्याने. दहा सेकंद बघितलं असतं तरी पुरे होतं!

कारण मेलेला बेल्ट सगळं बोलतो. दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत असतील तर तो घसरत होता, ताण कमी. एकाच जागी जळून खळगा पडला असेल तर चाकं कुठेतरी अडकून बेल्ट थांबलेला असताना इंजिनची पुली, म्हणजे बेल्ट फिरवणारं खाचेचं चाक, त्याला घासत फिरत राहिली. एकाच बाजूची कड उसवली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत, नाहीतर कड कशाला तरी घासतेय. आणि बाकी कोराकरकरीत असून कट्कन दोन तुकडे झाले असतील तर एक तर जबर हिसका बसला, किंवा बसवताना कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून पुलीवर चढवला आणि आतले दोरे तेव्हाच तोडून ठेवले.

आमच्याची एकच कड झाडूसारखी झालेली. तीनही वेळा. तीच कड. पण नाही, वेअर आयटम!

नंबरांचा घोळ तर वेगळाच. पुण्याच्या बाजारात ए-सेक्शन (कारखान्यातल्या पट्ट्यांचं एक माप) बेल्ट मागायची सवय असते ना, तीच इथे अमेरिकेत नडते. ए-३७ म्हणजे आतली लांबी ३७ इंच. इथल्या ४एल३९० मध्ये ३९० म्हणजे बाहेरची लांबी ३९.० इंच. दोन्ही साधारण एकाच मापाचे, अर्धा इंच रुंद. पण "एकोणचाळीसचा द्या" म्हणून ए-३९ आणलात तर दोन इंच लांब येतो, पहिल्याच चढावर घसरतो आणि जळतो. शिवाय औद्योगिक ए-सेक्शन कडक, ह्या लिंबाएवढ्या पुलीवर नीट वळतच नाही. मोअरला अरामिड नावाच्या, न ताणणाऱ्या दोऱ्याचा, वरून कापड गुंडाळलेला बेल्ट लागतो, कारण इथे क्लच नाही, बेल्टच क्लच. दांडा दाबला की ताण येतो, सोडला की ढिला पडून त्याने गुपचूप घसरायचं असतं. स्वस्तातला पॉलिएस्टरचा ताणतो, ताणला की आपण दांड्यापासून बेल्टपर्यंत ताण नेणारी केबल आवळतो, आवळली की दांडा सोडल्यावरही बेल्ट सुटत नाही, सतत घासत राहतो, आणि पुढच्या महिन्यात परत त्याच काउंटरवर. तपासायला सोपं आहे: इंजिन बंद, दांडा सोडलेला, मोअर आधी पुढे ढकला, मग मागे ओढा. सहज गेला पाहिजे. अडखळला तर केबल जास्त आवळली आहे.

मागे ओढण्याबद्दल पोरगा अगदीच चुकला नव्हता, हे कबूल करायला जिवावर येतंय. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये दांडा सोडल्यावर आधी इंचभर पुढे ढकलायचं असतं, मग आतले छोटे गिअर सुटतात. तसंच मागे खेचलं तर चाकं गिअरबॉक्सला उलटी फरपटतात. हे मॅन्युअलमध्ये आहे, पान सत्तावीस, तीन भाषांत, एका ओळीत. त्याच मॅन्युअलमध्ये पेट्रोल पिऊ नये हे चार ठिकाणी आहे.

पेट्रोलवरून आठवलं, ते दहा टक्के इथेनॉलवालं पेट्रोल हिवाळाभर टाकीत राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये डिंक होतो, तो वेगळा वैताग. आणि पेट्रोलच्या त्या नवीन कॅनचं नाक, जे दाबा-फिरवा-ढकला केल्यावर पेट्रोल टाकी सोडून सगळीकडे ओततं, ते काढणाऱ्याला मुक्ती मिळू नये. "इलेक्ट्रिक घ्या ना" म्हणणाऱ्यांनी गप्प बसावं.

तर मशीन उघडलं. स्पार्क प्लगची वायर काढा, मग बाकी सगळं. मोअर कलंडवताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये जातं आणि नंतर सगळ्या गल्लीला धुरी मिळते. पात्याला लाकडाचा ठोकळा लावून बोल्ट सोडवा, कारण बेल्ट त्याच शाफ्टवरून बाहेर येतो. कव्हरचे स्क्रू दोन जातींचे. का? कंपनीची इच्छा.

आत पसाभर चोथा. ओलं गवत कापलं की हे होतंच. पुलीच्या खाचेत तो दाबून इतका घट्ट बसतो की बेल्ट वर उचलला जातो. टोकदार काडीने कोरून काढा, पाण्याचा पाइप मारू नका, लगदा उलट आत जातो. खाचेचा तळ चकाकत असेल तर पुलीच झिजली आहे, बेल्ट बाजूंनी धरायचा सोडून तळाला टेकतोय. मग नवीन बेल्ट घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आयडलर, म्हणजे बेल्टला ताण देणारी छोटी पुली, बोटाने फिरवून पाहा. खरखरला तर बदला. त्यात तेलाचा स्प्रे मारू नका! बेल्टवर तर नकोच नको.

आयडलर ठीक. पुल्या सरळ. आणि मग दिसली ती लोखंडी पिन. बेल्टने पुली सोडू नये म्हणून शेजारी उभी असते ती. बेल्ट तिच्या आणि पुलीच्या मधून जायचा असतो. आमचा पिनच्या बाहेरून. पिनवर घासून घासून चांदीसारखी रेघ पडलेली.

तिन्ही बेल्ट कोणी बसवले? दुकानाने नाही. कंपनीने नाही. गराजमध्ये दुसरा कोणी राहत नाही. मेकॅनिकल इंजिनिअर, पंचवीस वर्षं अनुभव, आणि पहिला चुकीचा घातल्यावर प्रत्येक वेळी जुना बेल्ट जसा निघाला तसाच नवा घातला, म्हणजे पहिली चूक इमानेइतबारे कॉपी केली. काउंटरवर जाऊन हे सांगणार नाही, मेलो तरी.

चौथा आता पिनच्या आतून आहे. अरामिडवाला, ४एल३९०. पात्याचा बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) ४५ फूट-पाउंडला आवळला, आमच्या मॅन्युअलमध्ये तेवढाच आहे. केबल मात्र अजून एक आटा ढिली करावी लागेल, दांडा सोडल्यावर जरा अडखळतंय.