धास्ती मरणाची कमी, नळ्यांची जास्त
मरणाची भीती सोडून भरभरून जगा, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. पण पुष्कळांना खरी धास्ती असते ती नळ्या लावून पडून राहण्याची. ते टाळण्यासाठी 'लिव्हिंग विल' करा, म्हणजे स्वतः सांगता येणार नाही अशा अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता मॅजिस्ट्रेट लागत नाही. दोन साक्षीदार (शक्यतो घराबाहेरचे) आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे.

'फार उपचार नकोत' असं मोघम लिहू नका, डॉक्टरांना त्यावरून काहीच ठरवता येत नाही. बरं होण्याची आशा संपली तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातली नळी यांतलं काय नको ते लिहा. वेदनाशामक मात्र हवंच म्हणा. तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं घाला. प्रत फॅमिली डॉक्टरकडे द्या. लॉकरमधला कागद ऐन वेळी सापडत नाही. मत बदललं तर लेखी रद्दही करता येतं.