सर, तुमी फक्त बसा

तान्ह्या पोळ्याच्या दोन दिवस आधी मंडळाची चार पोरं घरी आली आणि चपला बाहेर काढून चक्क सतरंजीवर बसली. एरवी ही पोरं ओट्याखालूनच हाक मारतात. मला तिथंच संशय यायला हवा होता.

"सर, रॅप बॅटल ठेवली हाय. जज तुमी."

"मले काय समजते बाप्पा त्यातलं?"

"समजाचं काय त्यात? तुमी फक्त बसा."

आर्वी तालुक्याच्या आमच्या कोपऱ्यात मी कायमचा परीक्षक. वक्तृत्व, रांगोळी, लाकडी नंदीची सजावट, सगळं पाहून झालं. एकदा सुदृढ बालक स्पर्धेचा निकाल दिला, तर दोन घरांनी वर्षभर बायकोला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. खरा सुखी माणूस शंकरपटातला. तिथं घड्याळ सेकंद सांगतं, आणि हरलेला बैल दुसऱ्या दिवशी "कावून कमी देल्ले?" म्हणत घरी येत नाही.

पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, मामा, रॅप ज्यातलं त्या हिपहॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. डीजे कूल हर्कच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिनं तिकीट लावून पार्टी ठेवली, तिथून सुरुवात. पुढं १९८१ मध्ये हार्लेममध्ये कूल मो डी आणि बिझी बी हे दोन रॅपर भिडले. बिझी बी लोकांना नाचवणारा, टाळ्या घेणारा. मो डीनं नेम धरून त्याच्यावरच कडवी रचली आणि त्याला तिथंच सोलून काढलं. तेव्हापासून बॅटल म्हणजे समोरच्यावर शब्दांनी तुटून पडणं.

मी म्हटलं, अरे, मग हे आमच्याकडं कधीचं आहे. कलगीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र दुसरं काय करत होते? आणि पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे करून शेजाऱ्याच्या कंजूषपणावर झडती म्हणतात, ती काय आरती असते? भाचा म्हणाला, "मामा, फक्त शिव्यांना मार्क कापू नका."

स्पर्धक दोन. बॅनरवर त्यांची टोपणनावं होती, पण अक्षरं इतकी काटेरी की वाचता येईनात. मी वहीत 'थ्रेशर' आणि 'पानठेला' असं लिहिलं. एकाच्या बापाचं थ्रेशर, दुसऱ्याच्या बापाचा पानठेला. पुढं वक्तृत्वाचेच रकाने पाडले: उच्चार, मांडणी, सभाधीटपणा, एकूण परिणाम.

माझी अडचण वाचकांच्या लक्षात आली असेलच. माझं चार एकर सोयाबीन दरवर्षी त्या थ्रेशरमधून निघतं. आणि माझा रोजचा तंबाखू-सुपारीचा खर्रा त्या पानठेल्यावरून येतो. वहीवर.

डीजेनं बीट लावला. समोरच्या शाळेचे पत्रे थरथरायला लागले. थ्रेशर पुढं आला:

"गावाले लावलं तू खर्र्याचं व्यसन,
दात पाह्य साऱ्याचे, जसं जळेल बेसन!"

पोरांनी आकाश डोक्यावर घेतलं. मी पटकन तोंड मिटलं. डाव्या गालात खर्रा होता. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला हे सगळं झडतीच वाटत होतं. त्यानं सवयीनं हात वर करून आरोळी दिली, "हर बोला, हर हर महादेव!" त्यापुढं प्रत्येक कडव्यानंतर ती आरोळी पडली. डीजेसुद्धा तिच्यासाठी थांबायला लागला.

पानठेला गर्दीकडं पाहतच नव्हता. खाली मान घालून, हळू आवाजात सुरू झाला:

"तुह्यं थ्रेशर पाह्यलं मी बंद पडताना,
तुह्या बापाले पाह्यलं मी हप्ता फेडताना.
मशीन हाय बँकेचं, डिझल उधारीचं,
सांग ना गा, एक तरी सांग तुह्या घरचं!"

कोणी शिट्टी मारली नाही. उधारीचं म्हटल्यावर निम्मं गाव आपापल्या चपलेकडं पाहायला लागलं. थ्रेशरचा बाप मागं उभा होता, त्यानं टोपी काढली, झटकली आणि परत घातली. म्हाताऱ्यानंही आरोळी दिली नाही. मी 'एकूण परिणाम'मध्ये नऊ लिहिले आणि लगेच हातानं झाकले.

शेवटच्या फेरीत लाइट गेली. डीजे मुका झाला. मोबाइलच्या टॉर्चा लागल्या आणि पोरांनी भजनी मंडळाच्या काकाजींना गळ घातली. काकाजी खंजिरी घेऊन आले, पण वाजवायच्या आधी दोघांनाही दम दिला, "हे तुकडोजी महाराजाची खंजिरी हाय पोट्टेहो. यावर शिवी चालनार नाई."

इथं थ्रेशर अडला. त्याचं दर तिसरं पाऊल शिवीवर पडत होतं, आता पाय ठेवायला जागाच नाही. "तू... तुह्या... तुह्या घरचे सारे..." एवढ्यावर तो तीनदा आला आणि तीनदा परत गेला. काकाजी इमानदारीत वाजवत राहिले. पानठेल्यानं कशीबशी चार ओळींची तडजोड केली.

निकाल मी अर्ध्या गुणानं पानठेल्याच्या बाजूनं दिला. आजही देईन.

दुसऱ्या दिवशी ठेल्यावर गेलो. मोठा सत्कार नाही, पण एखादा खर्रा फुकट मिळेल एवढी माफक अपेक्षा होती. त्याच्या बापानं वहीच पुढं सरकवली. "सर, गाव म्हनते, उधारीपायी निकाल लागला. बदनामी तुमची नाई पाह्यजे न माही. मिटवून टाका." सहाशे ऐंशी रुपये मोजले. खर्रा घ्यायचा राहूनच गेला.

ऑक्टोबरात सोयाबीनची गंजी लावली. आभाळ काळं व्हायला लागलं तसा थ्रेशरवाल्याकडं गेलो. बाप नव्हता. पोरगा ट्रॅक्टरखाली ग्रीस लावत होता.

"काय बाबू, आपला नंबर कितवा?"

तो बाहेर आला, फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडं न पाहताच म्हणाला:

"निकाल होता तुमचा, नंबर हाय माहा,
गंजीवर ताडपत्री टाका अन् वाट पाहा."

शिवी नाही, अडखळणं नाही, यमक बिनतोड. दहापैकी साडेनऊ. ताडपत्री शोधायला घरी वळलो खरा, पण फाटकातून राहवलं नाही.

"अबे, हे त्या रात्री म्हनाले काय झालं होतं तुले?"