तीन महिने अननस खाऊन डोळ्यातलं जाळं विरघळत नाही

निफाड-पिंपळगावकडच्या आमच्या नात्यागोत्यातल्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : डोळ्यांपुढे माश्या, धागे, जाळी दिसत असेल तर ती अंगातली उष्णता आहे. रोज अननसाच्या फोडी खा, रात्री डोळ्यात मध घाला, पहाटे बुबुळं गोल फिरवा, तीन महिन्यांत जाळं विरघळतं. डॉक्टरकडे पळू नका, ते लेझरच्या नावाने पैसे उकळतात.

माझ्या मामाने हा मेसेज पाळला, म्हणून हे लिहितोय.

आधी उष्णतेचं बघू. डोळ्याच्या आत, भिंगामागे, पारदर्शक जेली भरलेली असते. साधारण चार मिलिलिटर. तिच्यात जवळजवळ 98 टक्के पाणी, बाकी कोलॅजेनचे अतिसूक्ष्म तंतू आणि हायलुरॉनिक आम्ल. वय वाढलं की ही जेली जागोजागी पातळ होते, तंतूंच्या गुठळ्या होतात आणि त्यांची सावली डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) पडते. आपल्याला दिसते ती ही सावली. म्हणून तर अंधाऱ्या खोलीत माशी दिसत नाही आणि द्राक्षाच्या मांडवाखाली मान वर करून घडांची विरळणी करताना, पानांमधल्या उजेडात, ती हमखास तरंगते. यात उष्णतेचा काही संबंध नाही. लांबचा नंबर जास्त असलेल्यांना हे लवकर होतं. मामाचा नंबर उणे सहा.

अननस. त्यात ब्रोमेलेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं, हे खरं. पण समजा ते पोटातून रक्तात आणि रक्तातून डोळ्यात पोचलं, तरी फक्त नको असलेली गुठळीच शोधून तोडेल कसं? कोलॅजेन सगळ्या जेलीत आहे. जेली पडद्यापासून सोडवणारं ओक्रिप्लाझ्मिन नावाचं विकर 2012 साली अमेरिकेत मंजूर झालं होतं. ते ठरावीक रुग्णांच्या डोळ्यात थेट सुईने द्यायचं औषध होतं, खायचं नव्हे. अननस आवडत असेल तर जरूर खा, शुगर असेल तर बेताने.

मध तर घालूच नका. वरून घातलेला थेंब जेलीपर्यंत जात नाही, आणि बरणीतला मध निर्जंतुक नसतो. बुबुळं फिरवल्याने गुठळी हलते, विरत नाही.

‘पण आमच्या शेजाऱ्यांना गुण आला’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. गुठळी हळूहळू नजरेच्या रेषेतून खाली सरकते, मेंदूही तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. काही महिन्यांत त्रास बहुतेकांचा आपोआप कमी होतो. श्रेय मात्र अननसाला मिळतं.

आता मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य : तीन महिने थांबा, डॉक्टरकडे पळू नका. पन्नाशी-साठीत जेली आकसून पडद्यापासून सुटते. बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण अचानक नव्या माश्या दिसू लागलेल्या दहांतल्या एखाद्याचा पडदा त्या ओढीने फाटतो. फाटलेल्या जागेतून पाणी पडद्यामागे शिरलं की भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसा पडदा सुटत जातो.

मामाला संध्याकाळी बागेतून येताना डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. मग एक दिवस काजळी उधळावी तसे बारीक ठिपके. तो मध घालत राहिला. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, “डाव्या डोळ्याला खालून कोणीतरी घोंगडी वर ओढतंय.” तोवर पडदा मध्यभागापर्यंत सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, पडदा बसला. पण त्या डोळ्याने त्याला आज औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचता येत नाहीत. पहिल्याच आठवड्यात गेला असता तर फाटीभोवती लेझरचे टाके देऊन बहुधा भागलं असतं, बसल्या बसल्या, काही मिनिटांत.

आणि हाच तो ‘पैसे उकळणारा’ लेझर. मेसेज लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी एक केल्यात. माश्या फोडायचा लेझर वेगळा. तो क्वचितच लागतो, त्याबद्दल दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या. फाटलेला पडदा शिवणारा लेझर वेगळा, त्यात चालढकल नको. बहुतेकांना तर तपासून ‘काही करायचं नाही’ एवढंच सांगतात.

शुगर असलेल्यांनी जास्त सावध राहावं. त्यांच्यातल्या काहींच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवतात, त्यातून जेलीत रक्त उतरतं, आणि तेही सुरुवातीला जाळ्यासारखंच दिसतं.

वर्षानुवर्षं एकच धागा दिसत असेल तर सवडीने दाखवा. अचानक खूप ठिपके, चमक, सावली किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी निघा. नेत्रतज्ज्ञाला ‘बाहुली मोठी करून पडदा बघा’ असं स्पष्ट सांगा, नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. बाहुली मोठी करायला डोळ्यात थेंब घालतात, त्यांनी काही तास धूसर दिसतं, तेव्हा मोटारसायकलवर एकटे जाऊ नका, घरातलं कोणीतरी सोबत न्या.