लाडवातली खसखस

काल रात्री आईशी भांडण झालं, डिंकाच्या लाडवांवरून. ताईची दुबईत डिलिव्हरी आहे, आई बाळंतपणाला निघाली आहे. दादरच्या आमच्या स्वयंपाकघरात परातभर लाडू वळून तयार होते. मी सहज विचारलं, "खसखस घातलीस का गं?" "म्हणजे काय! बाळंतिणीचे लाडू आहेत ते."

खसखस हे अफूच्या बोंडातलं बी. यूएईत त्यावर बंदी आहे आणि प्रकरण थेट अमली पदार्थांच्या कायद्यात जातं. लाडू काय, गोडा मसाला काय, अनारसे काय, आपल्याकडे खसखस सगळीकडे. आईचा यावर विश्वासच बसेना. "मी काय चरस नेतेय?"

तिचं चुकलं असं मला वाटत नाही. परदेशी जाणाऱ्यांसाठीच्या सूचनांत 'अमली पदार्थ नेऊ नका' असं लिहिलेलं असतंच, पण ते वाचून कुठल्या बाईला आपला लाडवांचा डबा आठवेल? अहो, सरळ 'खसखस' लिहा की! औषधांचंही तेच. बाबांच्या कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी ट्रामाडॉल दिलीय, खोकल्याच्या औषधात कोडीन आहे. दोन्ही तिथे नियंत्रित, आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. आमच्याकडे गोळ्या स्ट्रिपमधून काढून जुन्या पेढ्याच्या डबीत भरतात, चिठ्ठी कुठल्या कुठे. (ती डबी मी काल जप्त केली.)

आणि नियम फक्त परक्यांचेच असतात असंही नाही. आमच्या बिल्डिंगमधले एक काका-काकू केनियाला सफारीला गेले, यलो फीव्हरची लस न घेता. टूरवाला म्हणे, "कोण बघतंय?" परत येताना मुंबई विमानतळावर बघितलं. सहा दिवस विलगीकरण. काका महिनाभर केनियाला शिव्या घालत होते, पण नियम आपला आहे! हा आजार भारतात नाही, तो पसरवणारा डास मात्र आहे, आपल्याला डेंग्यू देणारा तोच. म्हणून ही खबरदारी. लस निघायच्या दहा दिवस आधी तरी घ्यायची, एकदा घेतली की जन्मभर चालते. हे तिकीट काढतानाच मराठीत दोन ओळींत सांगायला कोणाचं काय जातं?

असो. रात्री साडेअकराला आईने पुन्हा कढई चढवली. खसखशीचे लाडू आता बिल्डिंगमध्ये वाटले जातील, काकांना जरा जास्त. नव्या घाण्यातला एक चाखून आई म्हणाली, "खोबरं वाढवलंय, पण ती चव नाही."