मिठाला जागणारा पंखा

गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, पण बाई त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. आम्ही नाशिकच्या अंबड-सातपूरच्या शेडमधले कंट्रोल पॅनेलवाले, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या विजेच्या पेट्या बनवणारे, तिचेच वारस, खाऱ्या वाऱ्याशी आमचं फारसं देणंघेणं नाही. तरीही अधूनमधून एखाद्या ऑर्डरच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘पॅनेल बोटीवर लागणार आहे’. तिथून पॅनेल थंड ठेवणारा पंखा निवडण्याचा छळ सुरू.

परचेसवाल्याला यात छळ दिसत नाही. “साहेब, पंख्यात काय निवडायचंय? १२० बाय १२० बाय ३८ मिलिमीटर, चोवीस व्होल्ट. सांगा, किती मागवू?” त्याचंही बरोबर आहे म्हणा. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या लाखाच्या ड्राइव्हशेजारी हजार-दोन हजारांच्या पंख्याला कोण विचारतो? फक्त एवढंच, की त्या पेटीत रात्रंदिवस हलणारी वस्तू ती एकटीच, आणि ती थांबली की लाखाचा ड्राइव्ह ‘ओव्हरटेंपरेचर’ एवढं बोलून मौनात जातो.

मग विक्रेता येतो. “घ्या भाऊ, वॉटरप्रूफ आहे, आयपी ६८!” आयपीचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, हे खरं. पण ती परीक्षा गोड्या पाण्यात होते. म्हणजे भाऊंचा पंखा गंगापूर धरणात बुडवायला उत्तम. समुद्राचा पेपर वेगळा असतो, मिठाच्या धुक्याचा: पाच टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश तापमान. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या ६००६८-२-११ चाचणीत फवारा सलग चालतो, तर ६००६८-२-५२ मध्ये फवारा आणि दमट हवा आलटूनपालटून. दुसरी चाचणी जास्त छळते, म्हणून तिचंच प्रमाणपत्र मागावं. ते मागितलं की विक्रेता “कंपनीला विचारून सांगतो” म्हणतो. त्या वाक्यानंतर दुसरा विक्रेता शोधायला लागावं.

कारण बोटीवर पंख्याला पाणी मारत नाही, मीठ मारतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात कॉलेजरोडच्या स्वयंपाकघरातसुद्धा बरणीत हेच चालतं. समुद्राच्या मिठात तर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तेहतीस टक्क्यांनाच ओलं होतं. थोडक्यात, पंख्याच्या सर्किटवर बसलेला खारा थर कधी पुरता सुकतच नाही. पिनांमधून वीज झिरपते, तांबं हिरवं पडतं, फिरत्या चुंबकाची जागा ओळखणारा हॉल सेन्सर जातो. पाती अजून नव्यासारखी चकाकत असतात! म्हणून नुसतं वार्निश फवारलेलं सर्किट नको. मोटरचं वाइंडिंग आणि सर्किट दोन्ही इपॉक्सीत गाडलेला पंखा घ्यावा.

आता बेअरिंग. स्लीव्ह बेअरिंग, म्हणजे तेल लावलेली साधी नळी, स्वस्त, पण पंखा छताला आडवा लावला किंवा उष्णता वाढली की त्याचं तेल निघून जातं. कॅटलॉगात त्याला कितीही भारदस्त नावं दिलेली असोत, बोटीवर दुहेरी बॉल बेअरिंगच. पुढे ‘आयुष्य ७०,००० तास’ असं छापलेलं दिसतं. परचेसवाला लगेच वर्षाच्या ८,७६० तासांनी भागतो आणि “आठ वर्षं!” म्हणून खूश होतो. ते एल-१० आयुष्य असतं, म्हणजे तोवर शंभरातले दहा पंखे मेलेले. तेही ४० अंशांना, प्रयोगशाळेच्या स्वच्छ हवेत. ढोबळ हिशेबाने दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. इंजिनरूममधल्या पेटीत आतली हवा साठला गेली की आठाची दोन उरतात, मीठ अजून मोजलेलंच नाही.

आणि थर्मोस्टॅट लावून, म्हणजे पेटी तापल्यावरच पंखा चालू करून, तो वाचवायला जाऊ नये. बंद पंख्याच्या बेअरिंगवर इंजिनची थरथर एकाच जागी हातोडी मारत राहते, गोळ्यांचे खड्डे पडतात, पंखा सुरू झाला की आधी घरघरतो. त्यापेक्षा तो हळू पण सतत फिरवावा.

खरी गंमत वायरीत आहे. आयपी ६८ पंख्याच्या वायरीला टोकाशी साधा प्लास्टिकचा कनेक्टर. खारं पाणी तिथून आत शिरतं आणि इन्शुलेशनखालून तारांच्या फटींतून चढत थेट मोटरपर्यंत जातं. कथील चढवलेल्या तांब्याची वायर, आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी), आणि जोडाआधी वायरीला खाली एक झोल, म्हणजे थेंब जोडापर्यंत पोहोचण्याऐवजी खाली गळून पडतो. तिन्ही मिळून खर्च एका मिसळीइतका.

फ्रेम ॲल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेसचे असले, की मिठाच्या साक्षीने ॲल्युमिनियम झिजतं आणि वर्षभरात स्क्रूभोवती पांढरा भुगा. काच भरलेल्या प्लास्टिकची फ्रेम बरी. ती नसेल तर स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वॉशर.

या सगळ्यापेक्षा शहाणपणाचं म्हणजे खारी हवा आत घेऊच नये. रंगवलेल्या पत्र्याच्या बंद पेटीतून दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण साडेपाच वॉट उष्णता बाहेर जाते. दीड चौरस मीटर पत्रा आणि दहा अंशांचा फरक असला तर ८० वॉट. तेवढ्यात भागत असेल तर आत फक्त हवा फिरवणारा छोटा पंखा पुरे. उष्णता ३०० वॉट असेल तर हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारा धातूचा ठोकळा, पेटीबाहेर काढावा आणि इपॉक्सीवाला पंखा त्याच्यावर लावावा. बाहेरची हवा आत खेचायचीच असा कुणाचा हट्ट असेल, तर गणित असं: वॉट गुणिले ३.१, भागिले अंशांचा फरक. ३०० वॉट आणि दहा अंशांना ९३ घनमीटर हवा दर तासाला. फिल्टर आणि जाळी कॅटलॉगातला निम्मा वारा खाऊन टाकतात, तेव्हा १८६ चा आकडा धरावा. १२० मिलिमीटरचा एक पंखा तिथे काठावर पास होतो, दोन लावावेत. (नाशिक सहाशे मीटरवर, इथली हवा समुद्रसपाटीपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. तोच पंखा बोटीवर किंचित जास्त थंड करतो. समुद्राचा पंख्यावर एवढाच काय तो उपकार.)

चोवीस व्होल्टच्या बॅटऱ्या चार्ज होताना २८.८ पर्यंत चढतात, पंख्याची वरची मर्यादा त्याच्या पलीकडे हवी. पंख्याची तिसरी वायर टॅकोची, म्हणजे वेग सांगणारी. बहुतेक पंखे एका फेऱ्याला दोन पल्स देतात, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्या झाल्या तर १०० हर्ट्झ. ती अलार्मला जोडावी. इथे बरेच पॅनेलवाले ती दुमडून टेप लावतात, का ते देव जाणे.

शेवटचं, होकायंत्र. पंख्याच्या रोटरमध्ये कायमचं चुंबक असतं, आणि सुकाणूशेजारच्या पॅनेलमध्ये असे दोन बसवले तर होकायंत्राची सुई उत्तर सोडून आपल्या पॅनेलकडे प्रेमाने बघू लागते. सुरक्षित अंतर आयईसी ६०९४५ प्रमाणे मोजून त्याचं लेबल पॅनेलच्या दारावर बाहेरून चिकटवावं. आतून चिकटवलेलं लेबल पॅनेलवाल्याला दिसतं, तांडेलाला नाही.