खिडकी उघडी आहे हे मला दिसतंय, त्या डबड्याला नाही

डोक्याला शॉट आहे नुसता. जर्मनीत ऑक्टोबर लागला की हीटिंग सुरू आणि बिलाचं टेन्शनपण सुरू, म्हणून म्हटलं यंदा स्मार्ट थर्मोस्टॅट बसवू (खोलीच्या तापमानाप्रमाणे रेडिएटरचा व्हॉल्व आपोआप उघडबंद करणारं यंत्र), सोबत खिडक्यांचे सेन्सर. इथे रोज दोनतीनदा खिडक्या सताड उघडून पाचदहा मिनिटं घरात हवा खेळवावीच लागते, नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि मग घरमालक डोकं खातो. त्यात रेडिएटर बहुतेक खिडकीच्याच खाली, त्यामुळे साधा थर्मोस्टॅट असला की गार वारा थेट त्याच्यावर पडतो, त्याला वाटतं खोली गारठली, तो अजून व्हॉल्व उघडतो आणि आपण पैसे भरून रस्ता गरम करत बसतो. तर सेन्सरने सांगायचं खिडकी उघडली, थर्मोस्टॅटने व्हॉल्व बंद करायचा. संपलं काम! फ्रिजचं दार उघडल्यावर दिवा लागतो ना, तेवढीच अक्कल लागते याला.

पण नाही. आधी अकाउंट काढा, मग लोकेशनची परवानगी द्या (का? माझा रेडिएटर कुठे पळून जाणारे का?), मग हबला (थर्मोस्टॅट आणि सेन्सर इंटरनेटला जोडणारा डबा) २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय पाहिजे, मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर असला की हब सापडतच नाही, आणि ॲप फक्त म्हणतं "काहीतरी चुकलं". काय चुकलं ते सांग की मेल्या!

आणि सेन्सर. पुस्तिकेत चित्र काय, तर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवा. अरे जर्मनीत विकताय ना? इथली खिडकी दोन प्रकारे उघडते, हँडल आडवं केलं की दारासारखी आत येते आणि वर केलं की फक्त वरून तिरकी होते. तिरकी केली की खालची कड जागची हलतसुद्धा नाही, मग खिडकीवरचा चुंबक चौकटीवरच्या सेन्सरला चिकटलेलाच आणि ॲपमध्ये हिरवं टिक, "खिडकी बंद". बाहेर दोन डिग्री, आत रेडिएटर रटरटतोय आणि हे म्हणे बंद! हँडलच्या बाजूला वरती लावला की दोन्ही वेळा बरोबर कळतं, पण ही एक ओळ छापायला यांची शाई संपली होती. खालचे काढताना फ्रेमचा रंग निघाला तो वेगळाच, आता घर सोडताना डिपॉझिटमधून कापणार.

बरं, तेही झालं. तर थर्मोस्टॅटच्या पोटात स्वतःची वेगळी अक्कल आहे, तापमान एकदम पडलं की तो आपणहून ठरवतो खिडकी उघडी आहे. म्हणजे मी खिडकी लावली, सेन्सर म्हणतो बंद, थर्मोस्टॅट म्हणतो नाही नाही उघडीच आहे, आणि घर अजून अर्धा तास थंड. दोघं भांडतायत आणि आम्ही स्वेटर घालून बघतोय. हे बंद करायचं बटण सेटिंगमध्ये आत, त्याच्या आत, "इतर" मध्ये. इतर!!

शिवाय बॅटरी वाचवायची म्हणून तो थर्मोस्टॅट मधेमधे झोपतो, निरोप काही मिनिटांनी ऐकतो. माझं हवा खेळवून होतं, खिडकी लावून मी चहा टाकते, तेव्हा हा घुर्रर्र करत व्हॉल्व बंद करायला घेतो.

सपोर्टला सगळं फोटो काढून लिहिलं, सेन्सरचा फोटो, खिडकीचा फोटो, ॲपचा स्क्रीनशॉट. उत्तर आलं की ॲप डिलीट करून परत टाका आणि सगळी डिव्हाइस नव्याने जोडा. म्हणजे प्रत्येक खोलीचं टाइमटेबल परत, प्रत्येक रेडिएटरमागे वाकून तो बारीक क्यूआर कोड परत स्कॅन करा. नाही करत जा.